गावकावळा की डोमकावळा? ओळखायचं कसं

रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाताय न्हवं, मग एकदा मोबाईल खिशात ठेवा आणि कठड्यावर बसलेल्या कावळ्याची मान बघा. मान नि छाती राखाडी, तोंड-डोकं-गळा काळा असला तर गावकावळा, अख्खाच काळाकुट्ट असला तर डोमकावळा. झालं की, असं वाटतं, पण इथंच घोळ होतो, कारण सूर्य समोरनं असला की सगळेच कावळे काळे, आणि जुलैच्या पावसात चिंब भिजलेला गावकावळा तर मी दोनदा डोमकावळा म्हणून वहीत लिहून बसलोय.

म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, चोच बघा. डोमकावळ्याची चोच लई दांडगी, वरनं कमानीसारखी वाकलेली, आणि चोच संपते तिथनं कपाळ एकदम उभं चढतं. गावकावळ्याची चोच बारीक, कपाळ निवांत उतारानं मागं जातं. साईजचं म्हणाल तर गावकावळा साधारण ४० सेंटीमीटर, डोमकावळा त्याच्यापेक्षा थोराड, पण एकटाच बसला असला तर अंदाज लागत नाही, दोघं शेजारी पाहिजेत.

गावकावळा माणसाला सोडून राहत नाही, वडापावच्या गाड्याभोवती हाच. डोमकावळा गावातही दिसतो, पण राधानगरीकडं जंगलात गेलात तर तिथं बहुतेक हाच भेटणार.

डिक्शनरीत 'रेव्हन'ला डोमकावळा लिहिलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. खरा रेव्हन हिमालयात नाहीतर राजस्थान-पंजाबकडं, चांगला ६० सेंटीमीटरचा, उडताना शेपूट पाचरीसारखी. कोल्हापुरात कुणी रेव्हन बघितला म्हणाला तर आधी फोटो मागा. आणि काळ्या पक्ष्याचा डोळा लालभडक असला, चोच फिकी हिरवट असली, तर तो कावळाच न्हवं, कोकिळ नर आहे.

आता आवाज, माझ्या मते सगळ्यात भरवशाचा. गावकावळ्याचं काव काव जरा नाकातनं, डोमकावळ्याचं घोगरं, खोल, घसा बसल्यासारखं. पंचगंगेच्या घाटावर एका दहाव्याला गेलेलो, अर्धा तास झाला कावळा शिवंना, पिंडाभोवती गावकावळे नुसते घिरट्या घालत होते, पाव्हणे मंडळी "काय इच्छा राहिली असंल" म्हणून कुजबुजायला लागलेली, एवढ्यात पिंपळावरनं घोगरा आवाज आला, बाकीचे बाजूला सरकले आणि एक दांडगा गडी येऊन थेट भातावर बसला. सगळ्यांनी हात जोडले आणि माझ्या तोंडातनं निघालं, "डोम हाय ह्यो!" काकांनी असे डोळे वटारले म्हणता.