कुडाळात लॅन भरवताना: दहा दिवस आधीपासूनची तयारी

लॅन म्हणजे सगळे खेळाडू एकाच हॉलमध्ये, एकाच नेटवर्कवर बसून खेळतात ती स्पर्धा. हिशेब असा धरू: सोळा संघ, प्रत्येकी चार जण, म्हणजे ६४ खेळाडू. गेम बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, शेवटपर्यंत टिकेल तो संघ जिंकतो असा ‘बॅटल रॉयल’ प्रकारचा मोबाइल गेम), जागा कुडाळातलं एखादं मंगल कार्यालय, संघ दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतचे. पुढचं सगळं एका नियमावर बेतलेलं आहे: अडचण येणारच, पण आली तर सोळाही संघांना सारखी यावी. वायफाय सगळ्यांचं गेलं तर ती गैरसोय. चारच संघांचं गेलं तर तो अन्याय, आणि त्यावरून होणारं भांडण बक्षीस समारंभापर्यंत पुरतं.

तारीख आधी. पावसाळा सोडाच. विजांचा कडकडाट, तुटणारी लाइन, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असल्याने गाड्याही हळू. गणपती आणि शिमग्यात कोणी येणार नाही, आलं तर घरचे परत घेऊन जातील. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. कार्यालय ज्या गावात आहे तिथल्या जत्रेची तारीख गुरवाकडे किंवा देवस्थानात विचारून घ्या. त्या दिवशी फीडरवर भार वाढतो आणि लाउडस्पीकरपुढे हेडफोन हरतो. शिवाय निम्मे खेळाडू आदल्या रात्री दशावतार बघत जागलेले असतात. दिवाळीनंतरचे दोन आठवडे किंवा जानेवारी हा काळ बरा. मे महिन्यात सगळे घरी असतात हे खरं, पण उकाड्यात फोन आणि माणूस दोघंही तापतात.

कार्यालय बघायला जाल तेव्हा स्टेजची सजावट बघू नका, मीटरची खोली बघा. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते विचारा. जांभ्या जमिनीत अर्थिंग मुळात नीट बसत नाही, आणि पाऊस संपून दोन-तीन महिने झाले की खड्डा कोरडा पडतो. इलेक्ट्रिशियनकडून तो तपासून घ्या, आदल्या दिवशी त्यात पाणी ओतायला सांगा. याचा खेळाशी थेट संबंध आहे. अर्थिंग कच्चं आणि चार्जर स्वस्तातला असला की चार्जिंगला लावलेल्या फोनची स्क्रीन आपोआप टच घेते. खेळाडू म्हणतो स्कोप (बंदुकीची दुर्बीण) आपसूक उघडला, पंच म्हणतो बहाणा सांगतोय, आणि बहुतेक वेळा खेळाडूच खरा असतो. म्हणून नियमच करा की सामना चालू असताना कोणाचाही फोन चार्जरला नसेल. सामना सुरू होताना बॅटरी ६० टक्क्यांच्या वर हवी, कारण बॅटरी उतरली की फोन स्वतःहून काटकसर करतो आणि फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं. मधल्या सुट्टीत चार्जिंगचं टेबल वेगळं, नावाच्या चिठ्ठ्या लावलेलं.

लाइट जाणार हे धरूनच चाला. जनरेटर असला तरी तो पकडेपर्यंत दहा-वीस सेकंद जातात, आणि तेवढ्यात राऊटर बंद पडून पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. म्हणून राऊटर, स्विच, वायफायचे चारही डबे आणि फायबरचा डबा यूपीएसवर ठेवा. ६०० व्हीएचा एक चांगल्या बॅटरीचा यूपीएस एवढ्याला पुरतो. फायबरचा डबा बरेचदा मालकाच्या ऑफिसात, पंख्याच्या प्लगला लावलेला असतो. सगळी तयारी झाली तरी तोच एक विसरतात. आदल्या संध्याकाळी सगळं चालू ठेवून मेन स्विच पाडा आणि एका फोनवर गेम चालू राहतो का ते बघा.

आता वायफाय. इथे हात आखडता घेऊ नका. लॅन म्हणतो खरं, पण बीजीएमआयचा सर्व्हर कार्यालयात नसतो. ६४ फोन इंटरनेटवरूनच खेळतात. गेमला डेटा फार लागत नाही, लागते ती स्थिरता. चार ॲक्सेस पॉइंट (म्हणजे वायफायचे डबे) घ्या, प्रत्येकावर १६ फोन. २.४ गिगाहर्ट्झ बंदच ठेवा, तिथे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत आणि तेही प्रेक्षकांच्या हॉटस्पॉटनी भरलेले असतात. ५ गिगाहर्ट्झवर ३६, ४४, १४९ आणि १५७ असे चार चॅनल हाताने ठरवून द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. चॅनल ‘ऑटो’वर ठेवलं तर राऊटर ५२ ते १४४ मध्ये जाऊन बसू शकतो. ती पट्टी रडारसोबत वाटून घेतलेली आहे. रडारची चाहूल लागली की राऊटरला चॅनल सोडून उठावंच लागतं, आणि त्याच्यावरचे सोळा फोन ऐन फाइटमध्ये लटकतात.

हे सोळा फोन कोणाचे, हा खरा न्यायाचा प्रश्न. सोयीसाठी चार संघांना एक डबा दिला जातो, कारण ते शेजारी बसलेले असतात. तसं करू नका. प्रत्येक संघाचा पहिला खेळाडू पहिल्या डब्यावर, दुसरा दुसऱ्यावर, अशी वाटणी करा. चार नावं, चार पासवर्ड, टेबलावर खुर्चीसमोर चिकटवलेले. मग एखादा डबा बसला तर प्रत्येक संघाचा एकेक जण जातो आणि सामना तोलात राहतो. इंटरनेटच्या लाइन दोन घ्या, वेगळ्या कंपन्यांच्या आणि शक्यतो वेगळ्या रस्त्याने आलेल्या. हायवेला जेसीबी लागला की एकाच चरातल्या दोन्ही केबल एकदम तुटतात. खेळ सगळा एका लाइनवर, प्रक्षेपण दुसरीवर. १०८० पिक्सेल, ६० फ्रेमच्या प्रक्षेपणाला साधारण ६ एमबीपीएस अपलोड जातो. तो खेळाच्या लाइनवर टाकला तर पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) नाचायला लागतो. पहिली लाइन तुटली तर प्रक्षेपण थांबवून दुसरी खेळाला द्यायची, हे कास्टरला (समालोचकाला) आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो ऐनवेळी वाद घालतो. राऊटरवर जोडलेल्या उपकरणांची यादी दर सामन्याआधी बघा: खेळाडूंचे ६४, ऑब्झर्व्हरचे (सामना बघून पडद्यावर दाखवणाऱ्यांचे) ठरलेले. त्यापलीकडे एखादा अनोळखी दिसला तर लॉबी (सामन्याची ऑनलाइन खोली) सुरू करू नका.

फोन आयोजकांनी एकाच मॉडेलचे द्यावेत हे उत्तम, पण गावपातळीवर ते क्वचितच परवडतं. खेळाडूंचेच फोन असतील तर टॅबलेट सरसकट बाद. त्याच्या मोठ्या, चौकोनाकडे झुकलेल्या स्क्रीनवर जास्त दिसतं. फ्रेम रेट सगळ्यांना ६० वर बांधा. ९० वाला फोन घेऊन आलेला कुरकुर करेल, करू द्या. तपासणीला फोनमागे तीन मिनिटं धरा आणि दोन माणसं बसवा, म्हणजे दीड-पावणेदोन तासांत काम होतं. डेव्हलपर ऑप्शन बंद. ‘इतर ॲपवर दाखवा’ ही परवानगी कोणाकोणाला आहे ती यादी उघडा, ॲक्सेसिबिलिटीची यादी उघडा, व्हीपीएन बघा. चीटचं ॲप स्वतःच्या नावाने बसत नाही. २०१८ मध्ये शांघायच्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत ऑप्टिक इंडियाचा एक खेळाडू एमबॉटसह (आपोआप नेम धरणाऱ्या चीटसह) पकडला गेला, तेव्हा त्या फाइलचं नाव होतं वर्ड डॉट ईएक्सई. संघ तिथल्या तिथे बाद झाला आणि पुढे बरखास्तही. म्हणून नावावर जाऊ नका, परवानग्यांवर जा. ट्रिगर (फोनला लावायची गोळीची बटणं) आणि जीएफएक्स टूल (गेमचं ग्राफिक्स बदलणारं ॲप) नियमात नावानिशी बंद लिहा.

पाठीला लावायच्या कुलर पंख्याबद्दल मात्र इथला नियम इथेच करावा लागेल. साधा पंखा चालेल. बर्फासारखी गार पट्टी असलेला नको. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असली की साधारण २४ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं, आणि ही पट्टी त्याच्या खूप खाली जाते. पुण्याच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत जो कुलर चालतो, तोच इथे दोन सामन्यांत फोनच्या पाठीवर पाण्याचे थेंब उभे करतो. ते पाणी चार्जिंगच्या भोकाशी ओघळलं की ओलाव्याची सूचना येते आणि पुढची चार्जिंगच अडते.

मिलीभगत ही या खेळातली सगळ्यात जुनी चोरी, आणि ती फोनमध्ये सापडत नाही. एकाच वाडीतले, एकाच कॉलेजातले दोन संघ एकमेकांना सोडून इतरांना मारतात. गट पाडले असतील तर त्यांना एका गटात न ठेवणं हा पहिला उपाय, पण फायनलला ते समोर येणारच. तेव्हा खुर्च्या चिठ्ठ्या टाकून, रोज नव्याने. ऑब्झर्व्हरने बघायचं ते असं: दोन संघ पन्नास मीटरच्या आत येऊनही गोळी चालली नाही, एकाने दुसऱ्याच्या कंपाउंडला वळसा घातला, शेवटच्या झोनमध्ये (आक्रसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळात) एकाने स्वतःहून उभं राहून फिनिश (स्वतःचा बळी) दिलं. असं एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल. दोनदा दिसलं की त्या सामन्याचं रेकॉर्डिंग बाजूला काढा. सध्या रूढ असलेली गुणपद्धत, म्हणजे पहिल्या आठ जागांना १०, ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक फिनिशला १, मारामारीला जास्त वजन देते. त्यामुळे फुकटचे फिनिश वाटणं हीच सोपी चोरी ठरते.

मोठा पडदा खेळाडूंच्या पाठीमागे लावा आणि प्रेक्षक खेळाडूंच्या समोर बसवू नका. २०१२ च्या लीग ऑफ लेजंड्सच्या जागतिक स्पर्धेत आझुबू फ्रॉस्टच्या खेळाडूने मान वळवून पडद्यावरचा नकाशा बघितला आणि संघाला ३० हजार डॉलर दंड झाला. तिथे निदान मान वळवावी लागली. आपल्याकडे मागून ‘रे, छपरार आसा तो!’ असं कोणीतरी ओरडतंच. पडद्यावरचं चित्र पाच मिनिटं उशिरा दाखवा, म्हणजे ओरडू देत किती ओरडायचं ते. ऑब्झर्व्हरची खोली वेगळी, दार बंद, त्यांचे स्वतःचे फोन बाहेर. बघणाऱ्याच्या जागेवरून काय होऊ शकतं ते २०२० मध्ये काउंटर-स्ट्राइकमध्ये दिसलं: कॅमेऱ्याच्या बगचा (सॉफ्टवेअरमधल्या चुकीचा) फायदा घेतला म्हणून ३७ प्रशिक्षकांवर बंदी आली.

बॅटल रॉयलमध्ये सामना थांबवता येत नाही, म्हणून नेट गेल्यावर काय, हे आधी कागदावर हवं. आमचं मत: पहिला झोन बंद होण्याआधी आणि एकही फिनिश झालेलं नसताना चार किंवा जास्त संघांचे खेळाडू बाहेर फेकले गेले, तरच सामना नव्याने. नाहीतर जे झालं ते झालं. आकडा पाच ठेवा, तीन ठेवा, पण सही घेतल्यावर बदलू नका. पैज लावणारे दिसले तर त्यांना हॉलबाहेर काढा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, आणि ई-स्पोर्ट त्यापासून वेगळं धरलं आहे. ती रेघ आपल्याच हॉलमध्ये पुसू नये.

खेळाडूंकडे वळू. गेम बंदीनंतर मे २०२३ मध्ये परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. अर्ध्या तासाचे सहा सामने म्हणजे तेच तीन तास. सकाळी सरावात चाळीस मिनिटं घालवलेला पोरगा सहाव्या सामन्यात अडकू शकतो. प्रत्येक अल्पवयीन खेळाडूच्या आयडीवर ही मर्यादा लागू होते का ते आठवडाभर आधी तपासा, आणि तशी असेल तर दिवसाला चारच सामने ठेवा. सोबत पालकांचं संमतीपत्र. मोठ्या भावाचा आयडी वापरू देणं हा उपाय नव्हे.

शेवटच्या आठवड्यात सेन्सिटिव्हिटीला (बोट हललं की नेम किती हलावा त्या सेटिंगला) हात लावायचा नाही. सेन्सिटिव्हिटी आणि लेआउटचे कोड कागदावर लिहून आणा. फोन बदलावा लागला तर दोन मिनिटांत तोच हात परत मिळतो. गेम आणि सगळे नकाशे घरूनच डाउनलोड करून यायचे, ऑटो-अपडेट बंद. स्क्रिम (सराव सामने) त्याच वेळेला खेळा ज्या वेळेला सामने आहेत. रात्री दोन वाजता चालणारा हात सकाळी अकराला चालेलच असं नाही. दापोली-गुहागरच्या संघांनी आदल्या दुपारीच पोहोचावं. सकाळच्या गाडीने येऊन थेट खुर्चीत बसलेल्या संघाचे पहिले दोन सामने वाया जातात.

जेवणाचं सांगायला नको, तरी सांगतो. सुरमईचं ताट आणि वर भात हे सामने संपल्यावर. सकाळी घावणे किंवा पेज, दुपारी अर्धाच भात, तळलेलं नाही; तेलकट बोट स्क्रीनवर घसरतं. चहा नेहमीचा तेवढाच, एनर्जी ड्रिंक पहिल्यांदा त्याच दिवशी पिऊन बघायचं नाही. मीठ घातलेलं कोकम सरबत थोडं थोडं. अंगठ्याला स्लीव्ह दोन जोड, कारण घामाने भिजलेली स्लीव्ह टच सोडते. टेबलावर सुती फडकं ठेवा. पावडर नको, ती स्पीकरच्या जाळीत जाऊन पावलांचे आवाज दाबते. दर सामन्यानंतर दहा मिनिटं फोन खाली. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला कळ येत असेल तर ती दाबून खेळत राहू नका, पाचवा बदली खेळाडू त्यासाठीच नोंदवलेला असतो. खुर्च्या चाकाच्या नकोत. जायरोवर (फोनच हलवून नेम धरत) खेळणाऱ्याचा नेम खुर्ची हलली की हलतो, म्हणून कार्यालयातल्या साध्या प्लास्टिकच्याच, पण सगळ्या एका उंचीच्या, आणि तडकलेली एकही नाही.

सामने संपले की निकालाच्या स्क्रीनचा फोटो दोन वेगळ्या फोनवर घ्या. तक्ता भिंतीवर लावून हरकतीला १५ मिनिटं द्या, हरकत फक्त कप्तानाची आणि लेखी. सोळा कप्तानांच्या सह्या झाल्याशिवाय चार्जिंगच्या टेबलावरचे फोन परत देऊ नका, आणि शेवटची गाडी पकडायची आहे त्या संघांच्या सह्या सगळ्यात आधी घ्या.