हेल्मेटमधल्या माइकचा वारा असा बंद केला

नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर बाइकने वाशीहून बेलापूरकडे निघालं की खाडीवरचा वारा आडवा येतो. पन्नासच्या पुढे स्पीड गेला की रेकॉर्डिंगमध्ये माझं बोलणं कमी आणि घरघरच जास्त. नवा, महागडा माइक घ्यायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. माझ्या मते गरज नाही. खरा प्रश्न जागेचा असतो.

कॉलर माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) गालाच्या पॅडवरून काढला आणि हनुवटीसमोरच्या पट्टीला आतून, तोंडापासून जरा बाजूला चिकटवला, नाहीतर श्वासाचे फटके बसतात. वर फोमची टोपी, त्यावर केसाळ कापडाचं कव्हर. पट्टीवरचं हवेचं भोक माइकच्या बरोबर मागे येत होतं, ते बंद केलं. खालून घुसणाऱ्या हवेसाठी चिन कर्टन, म्हणजे हनुवटीखाली बसणारा पडदा, लावला. मोठा फरक पडला तो यानेच. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते, तेवढं सोसायचं.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, ऑटोवर ठेवू नका. बोलणं थांबलं की तो वाराच वर उचलतो. हाताने कमी ठेवा. आवाज एकदा फाटला की एडिटिंगमध्ये सुधारत नाही. उरलेली घरघर बहुतेक खालच्या पट्टीतली असते, १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) लावला की बरीच जाते. या सगळ्यासाठी फुल-फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, हेल्मेट मात्र हवंच.