घरी बीपी मोजावे कसे आणि वहीत लिहावे कसे

घरच्या घरी रक्तदाब मोजण्याविषयी जे सल्ले मिळतात, ते बहुतेक सगळे मशीनविषयी असतात: कोणत्या कंपनीचे घ्यावे, सेल कोणते घालावेत, मोबाइलला जोडता येते का. चांगले मशीन मात्र क्वचित चुकते. चूक होते ती माणूस खुर्चीत कसा बसतो तिथे, आणि त्याहून जास्त, आकडा वहीत उतरवताना. साताऱ्यात घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांच्या बीपीच्या वह्या ठेवता ठेवता माझे हे मत पक्के झाले आहे.

मशीन दंडाला पट्टा बांधायचे घ्यावे, मनगटाचे नको. हातातल्या घड्याळाने दाखवलेल्या आकड्यावरून औषधाचा कोणताही निर्णय घेऊ नये. मशीनसोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो, कारण आखूड पट्टा आकडा फुगवतो. शिंप्याच्या टेपने दंड मोजायला अर्धे मिनिट लागते. पहिल्या वेळी दोन्ही हातांचे बीपी पाहून ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच हात पुढे धरावा. नाडी अनियमित असेल, तर घरच्या मशीनवर किती विसंबावे हे आधी डॉक्टरांना विचारावे.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा, न्याहारी आणि बीपीची गोळी यांच्या आधी मोजावे, संध्याकाळी जेवणाआधी. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, व्यायाम आणि तंबाखू वर्ज्य. सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणारे कित्येक जण घरी परतल्याबरोबर, घाम पुसता पुसता दंडाला पट्टा बांधतात आणि मग दिवसभर त्या आकड्याची चिंता करतात. तो आकडा चढणीचा असतो. आपण तंबाखू खात नाही असे सांगणाऱ्या आपल्याकडच्या अनेक स्त्रिया सकाळी उठल्याबरोबर मिशरी लावतात; मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिच्यातले निकोटिन काही वेळ रक्तदाब वाढवते. म्हणून मोजणे आधी, मिशरी नंतर, असा क्रम निदान मोजणीच्या आठवड्यापुरता तरी ठेवावा.

पाठीला टेका असलेल्या खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीवर आणि उघड्या दंडावर असावा. दंड हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला तरी आकडा साधारण ७ ते ८ ने चढतो. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. बोलणेही बंद, कारण गप्पा मारता मारता घेतलेला वरचा आकडा १० पर्यंत जास्त येऊ शकतो.

येथवरचे सगळे कोणीही दोन दिवसांत शिकतो. मला खरा त्रास झाला तो पुढच्या टप्प्याचा, म्हणजे आकडा लिहिण्याचा.

पहिल्या वेळी १५२ आले. बसलेले गृहस्थ म्हणतात, "पट्टा नीट बसला नव्हता वाटतं, परत घे." दुसऱ्यांदा १४६. "आता जरा पाणी पिऊन बघू." तिसऱ्यांदा १३८, आणि हे १३८ वहीत जाते. कोणीही खोटे बोललेले नसते, तरी वही खोटी झालेली असते. रक्तदाब प्रत्येक ठोक्याला थोडा थोडा बदलत असतो. त्यामुळे मनासारखा आकडा येईपर्यंत जो मोजत राहील, त्याला तो आकडा कधी ना कधी मिळणारच. उलट पहिल्याच वेळी १२८ आले, तर "पट्टा सैल असेल, पुन्हा पाहू" असे कोणी म्हणत नाही. हव्या असलेल्या आकड्याची आपण तपासणी करत नाही, नको असलेल्याचीच करतो. घरच्या बीपीच्या वह्या बिघडतात त्या प्रामुख्याने याच एका सवयीने.

याच सवयीतून घरगुती उपायांची कीर्तीही वाढते. आकडा चढलेला दिसला की कोणी लसणाची पाकळी चावायला देते, कोणी लिंबूपाणी. पंधरा मिनिटांनी आकडा उतरतो आणि श्रेय लसणाला मिळते. वास्तविक, एखाद्या वेळी विशेष जास्त आलेले माप पुन्हा घेतले की ते बहुधा नेहमीच्या पातळीकडे परत येते. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली माणसांच्या उंचीच्या अभ्यासात हीच गोष्ट मांडली होती. शिवाय त्या पंधरा मिनिटांत माणूस खुर्चीत शांत बसलेला असतो. लसूण न खाता तेवढाच वेळ बसून पाहावे आणि मग मत बनवावे.

आणखी एक खोड म्हणजे आकडा गोळाबेरीज करून लिहिणे. मशीन १३७ दाखवते, वहीत १३० येते. पाऱ्याच्या जुन्या यंत्रावर मोजणारे डॉक्टरही शेवटी शून्य येईल असा आकडा लिहिण्याकडे झुकतात, हे वारंवार दिसून आलेले आहे. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर बीपी वाढलेले धरतात (दवाखान्यातल्या मोजणीसाठी ही रेषा १४०/९० आहे), तेव्हा रेषेच्या इतक्या जवळ पाच-सात अंक गाळणे म्हणजे निदानच बदलून टाकणे होय.

यावर माझा उपाय एकच आहे आणि त्यात मी सूट देत नाही. बटण दाबण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहावा: सकाळी दोन वेळा, संध्याकाळी दोन वेळा, दोन्हींमध्ये एक मिनिटाचे अंतर, चारही आकडे जसेच्या तसे वहीत, आणि तिसरी मोजणी नाही. मशीनने 'एरर'ची खूण दाखवली तरच पुन्हा घ्यावे. शक्यतो ज्याचे बीपी आहे त्याने आकडा लिहू नये, आणि त्याची सर्वांत जास्त काळजी करणाऱ्यानेही लिहू नये. आमच्या घरी हे काम नातवंडांकडे असते, कारण आकडा किती यावा याविषयी त्यांचे काही मत नसते. आठवड्याच्या शेवटी मशीनच्या मेमरीतले आकडे वहीशी ताडून पाहावेत. एकच मशीन दोघे वापरत असतील तर मेमरीचे खाते प्रत्येकाचे वेगळे ठेवावे, नाहीतर पतीचे बीपी पत्नीच्या नावावर चढते.

आकड्यांशेजारी शेऱ्याचा एक रकाना ठेवावा. "काल वाईला लग्नाला गेलो होतो, पापड-लोणचे जास्त झाले", "रात्रभर झोप नाही", "कडाक्याची थंडी" ही कारणे खरीही असतात. मीठ, अपुरी झोप आणि थंडी यांनी बीपी वाढते. ती रकान्यात लिहावीत, पण त्यांच्या आधारे आकडा खोडू नये. चांगली झोप झाली म्हणून आजचा कमी आकडा धरू नका, असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

असे सात दिवस मोजावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. १८०/१२० च्या घरात आकडा गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे असे काही दिसले, तर वही-बिही बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. सरासरी चांगली आली म्हणून गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. चांगली सरासरी अनेकदा त्या गोळीमुळेच आलेली असते.

आठवडा संपला की मशीन कपाटात ठेवावे. त्यानंतर आठवड्यातून एकदा-दोनदा मोजणे पुरे होते. दिवसातून दहादा मोजणाऱ्याची भीती वाढते, आणि भीतीने आकडाही वाढतो. डॉक्टरांकडे जाताना मूळ वहीच न्यावी, खाडाखोड असली तरी चालेल; नीट अक्षरात उतरवून काढलेली प्रत नेऊ नये, कारण उतरवताना पुन्हा आकडे निवडले जातात.