बोया घेण्याआधी दुमडून बघा

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत मऊ पीव्हीसीचा माल काढण्यात माझी 19 वर्षं गेली. प्लास्टिकची वस्तू हातात आली की मी आधी तिचा वास घेतो, मग ती दुमडतो. दुकानात तुमच्याबरोबर यायची लाज वाटते, असं बायको म्हणते. पण या खोडीमुळेच आमच्या वॉटर स्कीच्या, म्हणजे बोटीमागे दोर धरून पाण्यावर घसरत जायच्या खेळाच्या टोळक्यात बोये, म्हणजे वाट आखायचे तरंगते गोळे, निवडायचं खातं माझ्याकडे आलं. आम्ही ऐरोली-घणसोलीचे सहाजण, रविवारी पहाटे बोट ट्रेलरला जोडून एका खासगी तळ्यावर जातो.

खाडी घराला लागून असताना तळं कशाला, असं सगळे विचारतात. खाडीत भरती-ओहोटीला पाणी कित्येक फूट वर-खाली होतं, तिथे बोया एका उंचीवर राहणार कसा? शिवाय बुडलेल्या वस्तूवर कालवं चढतात, ती वस्तऱ्यासारखी कापतात. आणि ऐरोली-वाशी पुलांमधला पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे बोट दामटायचा विचारसुद्धा नको.

आम्ही खेळतो ते स्लॅलम, म्हणजे बोयांना नागमोडी वळसे घालत जायचं. त्याचा कोर्स 259 मीटरचा. बोटीची वाट दाखवणाऱ्या बोयांच्या जोड्या मधोमध, आणि स्कीवाल्याने वळसा घालायचे 6 बोये मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर, आलटून पालटून डावी-उजवीकडे. प्रवेशाचं आणि बाहेर पडायचं गेट धरून एकूण 22 बोये लागतात. ताशी 58 किलोमीटरने बोट हे सगळं 16 सेकंदांत पार करते. एवढ्या वेगात बोयाला स्की घासणार, फिन (स्कीखालचं पातं) लागणार, कधी माणूस त्याच्यावर आपटणार. म्हणून टिकाऊ बोया शोधताना कडक बोया शोधायचा नाही.

हे मी चुकून शिकलो. पहिल्या वर्षी पैसे वाचवायला दिवाळे गावच्या मामाकडून मासेमारीच्या जाळ्याचे जुने कडक बोये आणले. मामाने देताना बजावलं होतं, "ह्यो बोया जाल्याचा हाय, मानसाचा नाय." मी हसलो. तिसऱ्याच रविवारी आमच्यातल्या एकाची नडगी त्यावर आपटली आणि तो दोन महिने लंगडत होता. बोयाला ओरखडासुद्धा नव्हता. तेलाचे कॅन बांधण्याचंही तसंच, आणि त्यांच्या कडेला तर धार असते.

तेव्हा मऊ पीव्हीसीचा, हवा भरायचा गोल बोयाच घ्या. वळणाच्या बोयाचा व्यास 22 ते 28 सेंटीमीटर, पाण्याबाहेर साधारण अर्धा. बाजारात दिसायला सगळे सारखेच केशरी. फरक असतो दाण्यात, म्हणजे ज्या कच्च्या मालातून बोया ओततात त्यात.

मऊ पीव्हीसीत तेल असतं, कारखान्यात आम्ही प्लास्टिसायझरला तेलच म्हणतो. त्यानेच माल लवचिक राहतो. उन्हाने आणि उष्णतेने ते हळूहळू निघून जातं, मग बोया आधी ताठर होतो, नंतर तडकतो. स्वस्तातला माल करायचा तर दाण्यात कॅल्शियम पावडर भरपूर घालतात, किंवा भंगाराचा दाणा मिसळतात. ओळखायचं कसं? हवा काढलेला बोया मागा, गळ्याजवळचा, म्हणजे दोर अडकवतात तिथला भाग दोन बोटांत घट्ट दुमडा आणि अंगठ्याने दाबा. दुमडीवर पांढरी रेघ उमटली आणि सोडल्यावरही राहिली तर पावडर जास्त आहे, परत ठेवा. वजनावर जाऊ नका. पावडरीने माल जडच होतो, आणि दुकानदार "बघा साहेब, किती हेवी" म्हणून तोच पुढे करतो. उग्र, जळकट वास आला तरी परत ठेवा.

मग सांध्याची रेघ. ती बोटाने पूर्ण चाचपा. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे कागदासारखी लागली तर भिंत सगळीकडे सारखी नाही. हवा भरा, साबणाचा फेस लावा, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी बघा. उन्हात ठेवून तपासू नका, आतली हवा फुगते आणि गळती कळत नाही.

पण बोया फुटतो तो पोटाला नाही, गळ्याला. दोर अडकवायचं भोक अंगाच्याच मालात जाड ओतलेलं हवं. वरून चिकटवलेली कडी नको, पहिल्या ओढीला निघते. भोकात करंगळी घालून जोरात ताणा. भोवतीचा भाग पांढरा पडला तर तिथेच फाटणार. नायलॉनची दोरी थेट भोकात कधी बांधू नका, ती करवतीसारखी चालते. मध्ये रबराची नळी ठेवा. आम्ही सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या वापरतो. बोट किंवा माणूस बोयावर गेला की आधी रबर ताणलं पाहिजे, तुटायचं तर तेच तुटलं पाहिजे. तिथे बळकट दोर बांधलात तर बोया फाटेल, किंवा बोये ज्याला बांधलेले असतात तो पाण्याखालचा पाइप मोडेल. पट्टी दहा रुपयांचीही नसते.

हवा भरताना पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे नेऊ नका, हातपंप बरा. अंगठ्याने दाबल्यावर थोडं दबलं पाहिजे, कारण दुपारी ऊन चढल्यावर बोया आणखी फुगणारच आहे. तो पाण्यावर उंच बसत असेल तर आत थोडं पाणी भरा, खाली येतो.

खरेदी करताना 22 सगळे एकाच प्रतीचे घ्यायची गरज नाही. सगळ्यात जास्त मार खातात ते वळणाचे 6, आणि बोटीला चाटून जाणारे वाटेचे. चांगला माल तिथे लावा. वळणाचे दोन जास्तीचे घेऊन ठेवा, कारण नंतर त्याच आकाराचा बोया मिळेलच असं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे काढा. शेवाळ ओलं असतानाच काथ्याने घासा, थिनर लावू नका. अर्धी हवा काढून सुती कापडात, सावलीत, पेट्रोलच्या डब्यापासून लांब ठेवा. एका पावसाळ्यात मी ते मामाच्या मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्यांत रचून ठेवले होते. मऊ पीव्हीसीतलं तेल थर्मोकोल खातं, हे कारखान्यात मीच पोरांना शिकवायचो. ऑक्टोबरमध्ये उघडलं तर प्रत्येक बोया खोक्यात खळगा करून चिकटलेला, अंगाला पांढरे चिकट डाग. खरवडून साफ केले, पण मामाची चार खोकी गेली, आणि ती मला भरून द्यावी लागली.