गाडीतल्या कॉम्प्युटरला बॅटरीवरून वीज: जोडणी कशी करावी, बिघाड कसा शोधावा

गाडीची बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण त्या तारेवर नेमके बारा व्होल्ट क्वचितच असतात. बॅटरी भरलेली आणि गाडी रात्रभर उभी असेल तर मल्टिमीटर 12.6 दाखवतो. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तोच आकडा 13.8 ते 14.5 वर नेतो. सेल्फ मारताना क्षणभर तो 9-10 वर घसरतो, बॅटरी म्हातारी असेल तर त्याहूनही खाली. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं सैल टर्मिनल सुटलं, तर त्याच तारेवर याच्या कितीतरी पट उसळी येते. कॉम्प्युटरच्या बोर्डाला मात्र बारा व्होल्ट म्हणजे 11.4 ते 12.6 एवढंच मान्य असतं.

या दोघांमध्ये बसून मांडवली करणारा डबा म्हणजे डीसी-डीसी पॉवर सप्लाय. फिरती लॅब, सर्व्हेची जीप, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, कशासाठीही गाडीत कॉम्प्युटर बसवा, तो रुसला की शंभरातल्या बहुतेक वेळा दोष बोर्डात नसतो. वायर, अर्थिंग आणि टाइमर या तिघांत कुठेतरी असतो. म्हणून खाली जास्त जागा त्या तिघांनाच दिली आहे. नागपुरात चौथं नाव जोडावं लागतं, ते उन्हाचं.

पायरी 1: आधी वॅट मोजा

कॉम्प्युटर घरी भिंतीच्या प्लगवर चालवा, मधे साधा वॅट मीटर लावा आणि त्याला भरपूर काम द्या. स्क्रीन, राउटर, जे जे गाडीत जाणार ते सगळं जोडूनच आकडा घ्या. त्यावर तीस-चाळीस टक्के वाढवून सप्लाय घ्या. इंटेलच्या एन 100 सारख्या चिपवरचा मिनी पीसी अगदी थोडक्यात भागवतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं की हिशोबच बदलतो.

पायरी 2: सप्लाय निवडा

वॅटपेक्षा महत्त्वाचा आकडा इनपुटचा. एम 4-एटीएक्स हा सप्लाय 250 वॅटचा आहे आणि 6 ते 30 व्होल्टवर चालतो, म्हणजे सेल्फ मारतानाची घसरण तो पचवतो. पिकोपीएसयू दिसायला गोंडस, पण साधं मॉडेल ठरीव बारा व्होल्टसाठी आहे, आणि त्याच्या 120 वॅटच्या वाइड इनपुट मॉडेलची खालची मर्यादाच 12 व्होल्ट. घरात सौरऊर्जेवर उत्तम, गाडीत सेल्फ मारला की कॉम्प्युटर बंद.

मिनी पीसी 19 व्होल्टचा असेल तर स्थिर 19 देणारा, खाली-वर दोन्ही सांभाळणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर घ्या. ‘बारा व्होल्ट’ लिहिलेला मिनी पीसी थेट बॅटरीला जोडायचा मोह टाळा, 14.4 व्होल्ट रोज सोसायला तो बनवलेला नसतो. इन्व्हर्टर लावून त्यात चार्जर खोचणारे बरेच आहेत. चालतं, पण बाराचे 230 आणि 230 चे पुन्हा 19 करताना दोन्हीकडे वीज उष्णतेत जाते. मे महिन्यात गाडीत आणखी एक शेगडी कशाला?

पायरी 3: वायर, फ्यूज, अर्थिंग

इथे घाई करू नका. 100 वॅटचा कॉम्प्युटर सप्लायमधल्या घटीसकट साधारण 9 अँपिअर ओढतो. बॉनेटपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर वायर धरा. ती 1 स्क्वेअर एमएमची असेल तर वाटेतच जवळपास 0.9 व्होल्ट गळतात. 4 स्क्वेअर एमएमची असेल तर 0.2 च्या आसपास. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) वायर घेताना जाडी बाहेरच्या प्लॅस्टिकवरून ठरवू नका. आतलं तांबं बघा, आणि तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम नाही ना तेही खरवडून बघा.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा आणि सगळ्यात शेवटी लावा. पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीवरून घ्या, स्टिरिओच्या वायरला जोड मारून नको. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ब्लेड फ्यूज बसवा; 100 वॅटला 15 अँपिअरचा, म्हणजे निळा. फ्यूज वायरला आग लागू नये म्हणून असतो, कॉम्प्युटर वाचवायला नव्हे, त्यामुळे तो बॅटरीजवळच हवा. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) घाला. नुसत्या भोकातून नेलेली वायर कधीतरी कापली जाणारच, आणि आपल्या रस्त्यांवर लवकर. छत पेलणाऱ्या खांबांच्या कव्हरमागे पडद्याच्या एअरबॅग असतात, तिथून वायर नेऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेसला (कंपनीच्या वायरिंगच्या जुडग्याला) कुठेही काप देऊ नका.

आता अर्थिंग. गॅरेजमध्ये विचारलं तर ‘दिलंय ना भाऊ, बॉडीला’ असं उत्तर मिळतं. बॉडीला म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न. सीटच्या रेलवर रंगावरून कसलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, क्रिम्प केलेला लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) दातेरी वॉशरसकट बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज चढतो. ही वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे वायर थेट त्या टर्मिनलवर न नेता बॉडीलाच द्या, म्हणजे तुमचा वापरही त्या मोजणीत येतो.

पायरी 4: कॉम्प्युटरआधी बल्ब

बरेच जण वगळतात ती पायरी हीच. हेडलाइटचा 60/55 वॅटचा एच 4 बल्ब नव्या वायरच्या डिक्कीतल्या टोकाला जोडा. तो पाचेक अँपिअर ओढतो. बल्ब पेटलेला असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं (लांब वायर जोडून) नव्या वायरच्या पॉझिटिव्ह टोकावर धरा. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेतली गळती. 0.2 च्या आत असेल तर उत्तम. तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून तुमच्या अर्थिंगच्या लगपर्यंत मोजा, इथे 0.1 च्या वर गेलं तर लग उघडून पुन्हा घासा. बल्ब न लावता मोजलंत तर सगळं छानच दिसेल, कारण करंट वाहत नसताना सडलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

पायरी 5: इग्निशनची वायर आणि टाइमर

सप्लायला तिसरी बारीक वायर असते, ती किल्ली फिरवल्याची खबर देते. ही एसीसीवर (किल्लीची स्टिरिओपुरती वीज देणारी खूण) जोडावी की ऑनवर? सेल्फ मारताना एसीसीची लाइन बहुतेक गाड्यांत तेवढ्यापुरती तुटते, ऑनची राहते. म्हणून ऑनवर जोडा. इंजिन बंद ठेवून काम करायचं असेल तरच एसीसी. ही वायर फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप लावून घेता येते, तिला 1-2 अँपिअरचा फ्यूज पुरे.

टाइमर तीन. किल्ली ऑन झाल्यावर किती सेकंदांनी कॉम्प्युटर सुरू व्हावा, किल्ली काढल्यावर किती वेळाने बंद करायचा इशारा जावा, आणि इशारा गेल्यावर किती वेळाने वीज पूर्ण तोडावी. तिसऱ्यात कंजुषी करू नका. विंडोज बंद व्हायला चाळीस सेकंद घेत असेल आणि सप्लाय तिसाव्या सेकंदाला वीज तोडत असेल, तर आज ना उद्या डिस्क बिघडणार. हे टाइमर ठरवणारे जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) कुठे लावायचे ते प्रत्येक मॉडेलच्या कागदावर वेगळं असतं.

सप्लाय बंदचा इशारा बोर्डाच्या पॉवर बटणाच्या पिनांवर देतो, म्हणून विंडोजमध्ये पॉवर बटणाचा अर्थ ‘शटडाउन’ ठेवा, ‘स्लीप’ नको. बायॉसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप सुरू’ हा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर वीज येताच बोर्ड आपणहून उठतो आणि सप्लायची बटण-खूण त्यालाच पुन्हा बंद करते.

जागा कुठली?

नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) उन्हात उभ्या गाडीच्या आत 60 अंशांवर जातं, डॅशबोर्डवर त्याहून जास्त. साध्या एसएसडीची चालू असतानाची मर्यादा बहुधा 70 अंश असते, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची 60 च्या आसपास. सप्लायमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं. त्यामुळे डॅशबोर्ड आणि मागच्या काचेखालचा भाग आधीच बाद. पुढच्या सीटखाली एसीची हवा पोचते, ती जागा बरी, पण पाण्याचा विचार करा. 2023 च्या सप्टेंबरमध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा शहरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. डबा कार्पेटवर न ठेवता चार बोटं उंच पट्टीवर कसा. सप्लायला चारही बाजूंनी हवा हवी आणि उन्हाळ्यात पूर्ण वॅटची अपेक्षा नको. तापलेल्या गाडीत बसताच कॉम्प्युटर चालू करू नका. आधी काचा खाली, मग एसी, मग तो.

बिघाड शोधताना

काहीच पेटत नाही. बॅटरीकडून सुरुवात करून पुढे सरका: फ्यूजच्या आधी, फ्यूजच्या नंतर, सप्लायच्या टोकाला. तिथे बारा असतील आणि किल्ली ऑन असताना इग्निशनच्या वायरवरही असतील, तर सप्लाय बोर्डापासून सोडवा आणि 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला टेकवा. पिवळीवर 12, लालवर 5, नारिंगीवर 3.3 आलं तर सप्लाय ठीक. फक्त जांभळीवर पाच आहेत आणि बाकी शून्य, तर सप्लाय गेला.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी. सीपीयूजवळचा चार पिनांचा वेगळा कनेक्टर लावला आहे का ते बघा. बहुतेक वेळा राहिलेला असतो.

सेल्फ मारताच रीस्टार्ट होतो. मल्टिमीटरचं ‘मिन’ बटण दाबून सप्लायच्या टोकाला सेल्फदरम्यानचा तळ पकडा. स्वस्त मीटर ही क्षणिक घसरण टिपत नाही, चांगला मागून आणा. तळ सप्लायच्या मर्यादेखाली असेल तर आधी बॅटरी तपासा. बॅटरीवर 9.5 आणि सप्लायला 7.5 असेल, तर दोष वायरचा.

रिकामा चालतो, काम वाढलं की पडतो. पायरी 4 कॉम्प्युटर जोडूनच पुन्हा करा. दहा मिनिटांनी लगला बोट लावा. जो जोड गरम, तो दोषी.

दुपारीच बंद पडतो, संध्याकाळी शहाण्यासारखा वागतो. तापमान. सप्लायवर छोटा पंखा सोडून बघा, फरक पडला तर जागा बदला.

स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी येते. कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायरचं अर्थिंग दोन वेगळ्या ठिकाणी आहे. दोन्ही एकाच बोल्टवर आणा. तरी राहिली तर ऑडिओ वायरवर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

आठवड्याने गाडी उठत नाही. सगळं बंद करून, दारं लावून पाऊण तास जाऊ द्या आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर मालिकेत मीटर लावून करंट मोजा. मीटर मालिकेत लावलेला असताना सेल्फ मारू नका, आतला फ्यूज उडतो. कॉम्प्युटरचा फ्यूज काढल्यावर किती फरक पडतो ते बघा. 100 मिलिअँपिअर क्षुल्लक वाटतात, पण आठवड्यात जवळपास 17 अँपिअर-अवर होतात, आणि लहान हॅचबॅकची बॅटरी असते 35 ची. सप्लाय कॉम्प्युटर बंद झाल्यावरही जांभळ्या वायरवरचे पाच व्होल्ट चालू ठेवत असेल, तर तिसरा टाइमर लावलेलाच नाही. लो-बॅटरी कटऑफ असेल तर तोही चालू करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका: 11 व्होल्टला तोडणारा कटऑफ बॅटरी जवळजवळ रिकामी झाल्यावरच जागा होतो, आणि तोवर सेल्फपुरतंही शिल्लक राहत नाही.