कार कंपनी आणि खाण कंपनीचा करार कसा वाचावा

विजेवरच्या गाडीच्या बॅटरीला लिथियम लागतं. 'अमुक कार कंपनीने लिथियमचा साठा मिळवला' अशी बातमी दिसली की आकड्याला भुलू नका. आधी मूळ निवेदन काढा. खाण कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर ते तिथे मिळतंच. कच्च्या मालाच्या खरेदीत इतकी वर्षं काढल्यावर मी बातमीआधी तेच वाचतो.

पहिला प्रश्न: पैसे कोणत्या रूपात जाताहेत? जीप, फियाट बनवणाऱ्या स्टेलांटिसने २०२३ मध्ये अर्जेंटिनातल्या लॉस अझुलेस तांबे प्रकल्पासाठी मॅक्युएन कॉपर या खाण कंपनीचे शेअर घेतले. फोर्डने २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लायनटाऊन या लिथियम खाण कंपनीला ३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचं कर्ज कबूल केलं. शेअर घेणारा नफ्यातोट्याचा वाटेकरी होतो, कर्ज देणारा मुद्दल आणि व्याज मागतो. तिसरा प्रकार ऑफटेक, म्हणजे ठरलेला माल उचलण्याचा करार. त्यात कार कंपनीच्या खिशातून लगेच काही जात नाही. तरी तो कागद क्षुल्लक समजू नका, कारण बँका खाणीला कर्ज देताना असं पक्कं गिऱ्हाईक आहे का तेच आधी बघतात.

आता माल. सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसा. फोर्ड-लायनटाऊनच्या त्या व्यवहारात कर्जासोबत ऑफटेकही होता, वर्षाला १,५०,००० टनांपर्यंत मालाचा. पण तो माल म्हणजे स्पोड्युमीन कॉन्सन्ट्रेट, खडक दळून वेगळी केलेली भुकटी. तिच्यात लिथियम ऑक्साइड साधारण ६ टक्के. शुद्धीकरणातली घट धरली तर १ टन लिथियम कार्बोनेटला, म्हणजे बॅटरीसाठी शुद्ध केलेल्या लिथियमच्या क्षाराला, सुमारे ८ टन भुकटी लागते. म्हणजे हातात उरलं १८-१९ हजार टन कार्बोनेट. एका मध्यम बॅटरीला ढोबळ ५० किलो धरा, की हिशेब पावणेचार लाख गाड्यांच्या आसपास येतो. हा आकडा कंपनीच्या विक्रीच्या उद्दिष्टाशेजारी ठेवला तरच करार मोठा की छोटा ते कळतं.

त्याच ओळीत विचारा, भुकटी शुद्ध कोण करणार? जगातलं निम्म्याहून जास्त लिथियम चीनमध्ये शुद्ध होतं. खाण ऑस्ट्रेलियात असली तरी माल आधी चीनला जाणार असेल, तर पुरवठ्याचं अवलंबित्व होतं तिथेच राहिलं. माझ्या मते निवेदनातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, आणि मथळ्यात तो जवळजवळ कधीच नसतो.

भावाचं कलम बघा. चीनमध्ये लिथियम कार्बोनेट नोव्हेंबर २०२२ मध्ये टनाला सुमारे ६ लाख युआनवर होतं. २०२३ संपताना ते १ लाखाखाली आलं. म्हणून भाव बांधलेला आहे की बाजाराला जोडलेला, आणि किमान-कमाल मर्यादा आहे का, हे शोधा.

मग खाण कुठवर आली आहे ते. टेस्लाने २०२० मध्ये पीडमॉन्ट लिथियमशी करार केला तो नॉर्थ कॅरोलिनातल्या नियोजित खाणीच्या भरवशावर. खाण रखडली, आणि जानेवारी २०२३ च्या सुधारित करारात माल कॅनडातल्या क्युबेकमधून, बाजारभावाशी जोडलेल्या दराने ठरला. 'अधीन राहून', 'टप्प्याटप्प्याने' हे शब्द दिसले की खाली रेघ मारा. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये अमेरिकेच्या नेवाडातल्या थॅकर पास या लिथियम खाणीसाठी ६५ कोटी डॉलर जाहीर केले, पण दोन हप्त्यांत. दुसऱ्या हप्त्याच्या जागी ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा संयुक्त प्रकल्प ठरला: ६२.५ कोटी डॉलर, ३८ टक्के हिस्सा.

थॅकर पासची जागा तिथल्या मूळनिवासी पैयूट आणि शोशोनी लोकांना पवित्र आहे. खाणीविरुद्ध ते न्यायालयात गेले होते. निवेदनात 'स्थानिक समुदायाशी संवाद' एवढंच लिहिलेलं असेल तर त्या लोकांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून शोधून वाचा. ज्यांच्या जमिनीखालून गाडीची बॅटरी येते त्यांचं ऐकून घेणं मला करार तपासण्याचाच भाग वाटतो.

शेवटी निवेदनातली पहिल्या मालाची तारीख लिहून ठेवा आणि दर तिमाहीला खाण कंपनीचा अहवाल उघडून ती पुढे सरकली का ते बघा.