गावातला वीरगळ वर्गाला वाचायला द्या

सातवीच्या इतिहासात ‘इतिहासाची साधने’ हा पाठ आहे. भौतिक, लिखित, मौखिक ही विभागणी मुलं दोन दिवसांत पाठ करतात आणि चाचणी झाली की विसरतात. म्हणून मी हा पाठ मारुतीच्या पारावर घेते. तिथे साडेतीन फुटांचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेला, कप्प्याकप्प्यांत कोरलेला दगड, उभा आहे. मुलं रोज त्याला दप्तरं टेकवतात, पण त्यावर काय कोरलंय ते कोणी पाहिलेलं नसतं. तुमच्या गावात असा दगड नाही असं लगेच ठरवू नका. जुन्या महादेवाच्या देवळाचं आवार, गावाची वेस, तळ्याचा काठ एकदा फिरून पाहा.

आधी एकट्याने जाऊन उन्हाची वेळ ठरवा. सगळं यावरच अवलंबून आहे. भर दुपारी कोरीवकाम सपाट दिसतं. ऊन बाजूने तिरपं पडलं की ढाल, तलवार, गाईची शिंगं उठून येतात. दगड सावलीत असेल तर आरशाने एका कडेने उजेड टाका. खडूने रेषा ठळक करणं, पीठ चोळणं, ब्रशने घासणं मात्र अजिबात नको. शेंदूर असेल तर तो खरवडायचा नाही. लोक पूजा करत असतील तर पुजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा आणि मुलांना चपला लांब काढायला लावा.

जोड तासिका मागून घ्या. चार-चार मुलांचे गट, प्रत्येकाकडे टेप, आलेख कागद आणि पेन्सिल. आधी उंची-रुंदी मोजून प्रमाणात चौकट आखायची, मग एकेक कप्पा भरायचा. फोटो शेवटी काढा. चित्र काढताना मूल दगडाकडे दहादा बघतं, फोटो काढला की बघणंच थांबतं.

वहीत तीन रकाने हवेत: ‘दिसलं’, ‘वाटतं’, ‘ऐकलं’. माझ्या मते खरा पाठ इथेच होतो. ‘माणूस आडवा पडलाय’ हे पहिल्या रकान्यात जातं. ‘तो लढाईत मेला’ हे दुसऱ्या. मुलं हटकून दोन्ही एकत्र लिहितात. तुम्ही फक्त विचारा, “हे तुला कुठे दिसलं? बोट दाखव.”

वीरगळ खालून वर वाचतात, पण हे आधी सांगू नका. कुठून सुरू करायचं यावर त्यांना भांडू द्या. साधारणपणे खाली पडलेला वीर किंवा लढाई, तिच्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर वीराची कीर्ती राहो. लढाईत गाई असतील तर तो गोधन राखताना पडला असावा. बोरिवलीच्या एकसरमधल्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. तो फोटो वर्गात जरूर दाखवा. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा. तिच्याविषयी मुली प्रश्न विचारतात. ते टाळू नका, पुढची तासिका त्यालाच द्या.

“बाई, हा शिवरायांचा मावळा ना?” हा प्रश्न येणारच. नाही म्हणून मोकळ्या होऊ नका, पुरावा मागा. महाराष्ट्रातले बरेचसे वीरगळ शिलाहार-यादव काळातले मानले जातात, शिवकाळाच्या कितीतरी आधीचे. पण बहुतेकांवर लेख नसतो, त्यामुळे नाव आणि साल कळत नाही. ‘सांगता येत नाही’ असं लिहिणाऱ्या मुलाला मी पूर्ण गुण देते.

‘ऐकलं’चा रकाना घरी भरायचा. आजी-आजोबांना विचारायचं: या दगडाला काय म्हणतात, तो आधीपासून इथेच होता का, त्याला नारळ कधी फोडतात? दोन घरांतून दोन गोष्टी आल्या तर दोन्ही लिहायच्या, सांगणाऱ्याचं नातं आणि वय यांसह.

वह्या तपासून झाल्या की आलेख कागद जपून ठेवा, पण पुढच्या वर्षीच्या वर्गाला ते आधी दाखवू नका. त्यांची चित्रं पूर्ण झाली की दोन्ही शेजारी मांडा, आणि जिथे फरक दिसेल तेवढा कप्पा पुन्हा पाहायला सगळ्यांना पारावर न्या.